फलत्याग आणि अनुबंध

कर्मफलाची आसक्ती सोडावी, ही गीतेची शिकवण सर्वपरिचित आहे. परंतु तिचा एक विपरीत अर्थ व्यवहारात सहज रूढ झाला आहे. हेतू शुद्ध असला, स्वतःसाठी काही मागितले नाही, म्हणजे कर्त्याची जबाबदारी संपली. पुढे घडेल ते ईश्वराधीन, असे पुष्कळ सज्जन मनापासून मानतात. हा समज गीतेला मान्य आहे काय, याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणावरून करणे उचित होईल.

भिलाईत पावर हाउस नावाची गजबजलेली वस्ती आणि त्याच नावाचे रेल्वेस्थानक आहे. १९५९ साली ज्याची पहिली झोतभट्टी पेटली, तो पोलादाचा कारखाना याच नगरीत आहे. वीज आणि अग्नी जेथे एकत्र नांदतात, तेथे आगीचे भय स्वाभाविकच. ट्रान्सफॉर्मरमध्ये भरलेले साधे खनिज तेल पेट घेऊ शकते. म्हणून सहजासहजी न पेटणारा एक द्रव त्याच्या जागी योजण्यात आला. पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, संक्षेपाने पीसीबी, हे त्याचे नाव. १९२९ पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. भारतात तो तयार होत नव्हता. परदेशातून आणलेल्या तेलाबरोबर व यंत्रांबरोबर तो येथे आला. पुढे आग रोखण्याच्याच उद्देशाने ब्रोमिनयुक्त रसायने निघाली आणि गाद्यांच्या फोमात, टीव्हीच्या प्लॅस्टिकच्या आवरणात मिसळली गेली. माणसे होरपळून मरू नयेत, हा उद्देश कोणीही निंद्य म्हणणार नाही.

परंतु जो पदार्थ अग्नीला दाद देत नाही, तो काळालाही लवकर दाद देत नाही. तो कुजत नाही, पाण्यात फारसा विरघळत नाही. चरबीत मात्र साठून राहतो. गळक्या यंत्रांतून आणि भंगारातून तो माती, पाणी व हवा यांत शिरतो. सूक्ष्म जीवांकडून लहान माशांत, लहानांकडून मोठ्यांत आणि शेवटी डॉल्फिनसारख्या सस्तन जलचरांत जाताना प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ महानदीला मिळते, आणि महानदीच्या फाट्यांपैकी दया व भार्गवी ओडिशातील चिलिका सरोवरात उतरतात. त्या सरोवरातील इरावती डॉल्फिनांच्या शरीरांत पीसीबी आणि ब्रोमिनयुक्त अग्निरोधके आढळल्याचे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. कित्येक परदेशी किनाऱ्यांच्या मानाने हे प्रमाण कमी होते, आणि ते अमुक एका गावाहून आले असे म्हणण्यास आधार नाही. म्हणूनच ते कोणालाही आपले वाटत नाही.

डॉल्फिनची मादी पिलाला दूध पाजते, आणि ते दूध चरबीने अतिशय समृद्ध असते. तिच्या देहात वर्षानुवर्षे साठलेल्या रसायनांचा मोठा भाग त्या दुधावाटे पिलाच्या देहात उतरतो. पहिल्या पिलाच्या वाट्याला सर्वांत अधिक. पूतनेने मातेचे सोंग घेऊन विष पाजले, असे भागवतात सांगितले आहे. येथे माता खरी आहे, वात्सल्यही खरे आहे; विष तेवढे परक्याचे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑर्कांच्या एका कळपात १९९२ पासून एकही पिलू जन्मलेले दिसले नाही. त्यांतील एक मादी २०१६ मध्ये मृत सापडली. तिच्या देहात पीसीबीचे प्रमाण अत्यंत मोठे होते, आणि तिला कधी पिलू झालेच नव्हते, असे तपासणीत दिसून आले.

यावर कोणी म्हणेल, अग्नीला जसा धूर तसा प्रत्येक कर्माला काही ना काही दोष चिकटलेलाच असतो, असे भगवंतांनीच सांगितले आहे; मग दोष कोणाला द्यावा? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु ते वचन स्वकर्म टाकून पळू पाहणाऱ्याला धीर देण्यासाठी आहे. आपला धूर शेजाऱ्याच्या घरात सोडण्याची अनुज्ञा त्यात नाही. त्याच अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षणही आले आहे. अनुबंध, हानी, हिंसा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता, केवळ मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. येथे ‘फल’ हा शब्द न योजता ‘अनुबंध’ हा योजला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. फल म्हणजे कर्त्याला मिळणारे. अनुबंध म्हणजे कर्माच्या मागोमाग बांधून येणारे, मग ते कोणाच्याही वाट्याला येवो. त्याग पहिल्याचा सांगितला आहे, दुसऱ्याचा नाही. हेतूची शुद्धी कर्माला लोभापासून वाचवते. मोहापासून वाचवण्यास विचारच लागतो.

अज्ञानाने घडले तेथवर क्षमा आहे; कळल्यावर मात्र कर्तव्य उत्पन्न होते. स्थायी सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराला भारताने २००६ साली मान्यता दिली. २०१६ च्या आदेशाने पीसीबीचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत संपवण्याची मुदत घातली, आणि २०१८ च्या नियमांनी कित्येक ब्रोमिनयुक्त अग्निरोधकांवर बंदी आणली. साठलेले पीसीबी सुरक्षितपणे नष्ट करण्याचा जो प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या साहाय्याने देशात हाती घेण्यात आला, त्यात भिलाईचा पोलाद कारखानाही सहभागी झाला. अग्नीची उपासना करणाऱ्या नगरीने हे काम अंगावर घ्यावे, हे यथायोग्यच होय.

तथापि आदेश निघाल्याने धर्म पार पडत नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल नाल्यात ओतायचे की नाही, फाटक्या गादीचा फोम उघड्यावर जाळायचा की नाही, याचा निर्णय शेवटी एखाद्या माणसाच्या हातात असतो, आणि तेथे पाहणारा बहुधा कोणी नसतो. त्याने ते तेल जपून योग्य ठिकाणी पोहोचवले, तर त्याला त्याची बक्षिसी मिळणार नाही; चिलिकेतील पिलाला त्याचे नावही कळणार नाही. परंतु ज्याचे आभार कधीच पोहोचणार नाहीत त्याच्यासाठी नीट केलेले कर्म, यालाच गीतेने निष्काम म्हटले आहे. अनुबंधाची काळजी वाहणाराच फलत्यागाचा खरा अधिकारी होय.