जोड कुणाची कुणाशी

जत्रेतल्या कुस्त्यांमध्ये मला सगळ्यात जास्त आवडतं ते कुस्ती लागण्याआधीचं. भोकरदन तालुक्यातल्या कुठल्याही गावी जा. उन्हं कलली की खडे वेचून मऊ केलेल्या वावरात हलगी कडाडायला लागते, लंगोट लावलेली पोरं कडेला उकिडवी बसतात आणि दोन-तीन पंच जोडी लावायला घेतात. एकाला हाताला धरून उठवायचं, फडात गोल फिरवायचं, ह्याच्या तोडीचा कुणी आहे का म्हणून विचारायचं. दुसरा उठला की दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करायचं. मान किती भरलेली, कान मोडलाय का, मांडी तालमीतली की नुसती शेतात राबून झालेली. एखादा पंच दंड चाचपतो, बाजारात बैल बघावा तसा. मग मान हलवतो: हा भारी पडतोय, बस खाली. रेवड्यांवरच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत हेच चालतं. जोड चुकीची लागली तर लोक पंचालाच शिव्या घालतात, पैलवानाला नाही.

त्याच लोकांना रात्री चहाच्या टपरीवर बघा. तिथे गामा मोठा की खाशाबा, मारुती माने मोठे की अंदळकर, आणि आताचा सिकंदर शेख त्यांच्यापुढे किती मिनिटं टिकला असता, यावर कप आदळतात. दिवसा वीतभर फरकाने जोड मोडणारी माणसं रात्री पन्नास-पन्नास वर्षांच्या फरकाने जोड्या लावतात. पंच कुणीच नसतो, आणि त्यामुळे वादाला भलताच रंग चढतो.

आमच्या ओळखीचे एक वस्ताद आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांची यादी तयार असे आणि तिच्यात 1980 नंतरचा एकही मल्ल नसे. कारण विचारलं की म्हणत, “आता पैलवान कुठं राहिले बाबा? आता वजनं राहिली.” मी हे म्हातारपणाचं बोलणं समजून सोडून देत असे. पण जगात ज्याला अशा याद्यांचा वस्ताद म्हणता येईल, त्याचंही हेच झालेलं दिसतं. नॅट फ्लायशर. 1922 मध्ये त्याने ‘द रिंग’ हे मुष्टियुद्धाचं मासिक काढलं आणि मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, कोण कितवा हे ठरवण्यात घालवली. हेवीवेटमध्ये त्याच्या लेखी पहिला कायम जॅक जॉन्सन. महंमद अलीला त्याने पहिल्या दहातही घेतलं नाही. जॉन्सन विश्वविजेता झाला 1908 मध्ये, तेव्हा फ्लायशर एकवीस वर्षांचा होता. आमच्या वस्तादांनी पहिला मोठा फड पाहिला तेव्हा ते किती वर्षांचे होते, हे मी मुद्दाम विचारलं नाही.

माणसाची आठवण अशी पक्षपाती, म्हणून अमेरिकेत एकाने यंत्राला पंच केलं. 1967 मध्ये मरी वोरोनर नावाच्या निर्मात्याने जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात भरली आणि त्यांच्या काल्पनिक लढती रेडिओवर लावल्या. त्यात जेफ्रीज या जुन्या विजेत्याने अलीला हरवलं. अलीने चक्क दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. न झालेल्या लढतीतल्या हारीबद्दल कोर्टात गेलेला दुसरा मल्ल मला माहीत नाही. तडजोडीत पुढे सिनेमा ठरला. 1969 मध्ये अली आणि रॉकी मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर फेऱ्यांमागून फेऱ्या खोटंखोटं लढून दिलं. शेवटही वेगवेगळे चित्रित केले. अमेरिकेत दाखवलेल्या सिनेमात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकतो. दुसरीकडे दाखवलेल्या आवृत्तीत अली. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, सिनेमा लागायच्या आत, मार्सियानो विमान अपघातात गेला. आपण जिंकलो की हरलो हे त्याला कळलंच नाही. प्रेक्षक बदलला की निकाल बदलतो, एवढं मात्र त्या यंत्राने अगदी प्रामाणिकपणे दाखवून दिलं.

आकडे तरी खरं बोलतात का? मार्सियानो 49 लढती लढला आणि 49 जिंकला. पण तो होता 85 किलोच्या आसपास. आज मुष्टियुद्धातला हेवीवेट 90.7 किलोच्या वर सुरू होतो, आणि टायसन फ्युरीसारखा विजेता सहा फूट नऊ इंच उंच. म्हणजे ज्याला लोक सार्वकालिक हेवीवेट म्हणून मोजतात, तो आज हेवीवेटच नसता. गंमत पुढेच आहे. महाराष्ट्र केसरीचा गट 86 ते 125 किलोंचा. रॉकी मार्सियानो आमच्या केसरीच्या वजनकाट्यावरूनही परत गेला असता. आणि खाशाबा जाधव? स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा, कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस 1952 साली हेलसिंकीला लढला तो 57 किलोंत. महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या मल्लाला आजच्या नियमाने महाराष्ट्र केसरी होताच येत नाही.

मग यादीचा नादच सोडावा का? मला तसं वाटत नाही. पण त्याआधी एक जोड बघू, कारण ती दोन काळांत खरोखरच लागली होती.

10 सप्टेंबर 1910, लंडन. गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. खाली गादी, नियम तिकडचे. गामा वर आणि झिबिस्को पालथा, गादीला चिकटून, कासवासारखा. अडीच तासांवर वेळ गेला, पाठ लागली नाही, कुस्ती निकालाविना सुटली. आठवड्याने पुन्हा लढायचं ठरलं, तर झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला. अठरा वर्षांनी, 1928 मध्ये, पतियाळात तीच दोन माणसं पुन्हा समोरासमोर आली. दोघंही पन्नाशीच्या घरात. खाली माती. एक मिनिटाच्या आत झिबिस्को चीत.

आता सांगा, गामा झिबिस्कोपेक्षा किती मोठा? अडीच तासांत न ठरण्याइतका, की एका मिनिटाइतका? माणसं तीच, वयाचं अंतर तेच. बदलली ती जमीन. मातीत पालथं पडून चिकटता येत नाही. ती निसटते, घामाने ओली होते, आणि वरच्याला धरायला वेगळं काही मिळतं. गादीवर मुरलेल्याचा बचाव तिथे उघडा पडतो. एकाच जोडीचं उत्तर दोन जमिनींवर दोन येत असेल, तर जॉन्सन आणि अली, किंवा गामा आणि सिकंदर, यांचं एक उत्तर कुठून येणार? आपण माणसांची क्रमवारी लावतोय असं समजतो, आणि लावत असतो जमिनीची.

इथूनच मला एक माप सापडतं, निदान माझ्यापुरतं. आपल्या मातीत कोण किती जिंकला हे बघू नये. ज्या जमिनीवर आपण वाढलो नाही, जिचे नियम आपले नाहीत, तिथे तो काय करू शकला ते बघावं. 1962 ची जाकार्ताची आशियाई स्पर्धा घ्या. सांगलीकडच्या पुनवतचे गणपतराव अंदळकर, 1960 चे हिंदकेसरी, मातीत वाढलेले. तिथे त्यांनी सुवर्ण मिळवलं ते ग्रीको-रोमनमध्ये, जिथे कमरेखाली हात लावायचा नाही. मातीतल्या मल्लाला पट काढू नकोस म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला वाकू नकोस म्हणण्यासारखं आहे. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलला सुवर्ण आणि ग्रीको-रोमनला रौप्य घेतलं. खाशाबांचं तर आणखी उघड आहे. 1948 ला लंडनमध्ये गादी त्यांच्या अंगवळणी नव्हती, तरी सहावे. चार वर्षांनी कांस्य. या मापाने माझ्या यादीत खाशाबा पहिले, अंदळकर आणि माने त्यांच्या पाठोपाठ, आणि गामा लंडनच्या त्या अडीच तासांसाठी, पतियाळाच्या एका मिनिटासाठी नव्हे.

वस्तादांना हे माप एकदा ऐकवलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “आन् ज्याला तिकडं जायला भाडंच मिळालं नाही, त्याचं काय?”

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. म्हणजे माझ्या मापात ताकद आहे, डोकं आहे आणि एका प्राचार्याचं घरही आहे. ज्या गावच्या पैलवानाला असे खर्डेकर भेटले नाहीत तो यादीत खाली नाही, तो यादीतच नाही. आमचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्या इथल्या माणसांची नावं दगडावर कोरलेली आहेत, म्हणून दोन हजार वर्षांनी ती वाचता येतात. दान न देणारेही तेव्हा केळना नदीचं पाणी पीत होतेच की. मराठवाड्यातल्या फडांची तर वही कुणी ठेवली नाही. नारळ फुटला, हलगी थांबली, लोक घरी गेले. मुष्टियुद्धवाल्यांचं भांडण आकड्यांचा अर्थ काय यावर असतं. आमचं भांडण आकडा होता का इथपासून.

तरी माझ्या मापाला एक पुरावा मी वस्तादांच्याच तोंडून मिळवला. डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरी जालन्यात भरली. राजूरमार्गे एसटीने आम्ही दोघं गेलो. अंतिम लढत गादीवर: एकीकडे आदल्या वर्षीचा केसरी पुण्याचा अभिजित कटके, दुसरीकडे मातीतून आलेला, बुलढाण्याकडून लढणारा बाला रफिक शेख. बाला जिंकला, 11-3. मैदान उसळलं. वस्ताद मात्र माझ्या दंडाला धरून विचारत राहिले, “पाठ कुठं लागली? पाठ लागली का?” पाठ लागली नव्हती, गुण लागले होते. त्यांच्या हिशेबात ती कुस्ती सुटलेलीच नव्हती. मी त्यांना सांगितलं की हा पोरगा कोल्हापुरात गणपतराव अंदळकरांच्या हाताखाली तयार झालाय. अंदळकर जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. वस्ताद गप्प झाले. मग पुन्हा गादीकडे बघितलं, यावेळी पायांकडे, पवित्र्याकडे. “मग बरोबर आहे,” म्हणाले. काय बरोबर आहे ते त्यांनी सांगितलं नाही. पण परतीच्या गाडीत त्यांच्या यादीला 1980 नंतरचं एक नाव चिकटलं होतं, अंदळकरांच्या खाली, थोडं तिरकं.

काळाकाळांतली जोड लागते ती बहुतेक अशी, तालमीत. म्हातारा वस्ताद पठ्ठ्याला अंगावर घेतो, तो पठ्ठ्या पुढे दुसऱ्याला. रिंगणात दोन पिढ्या भेटतात तेव्हा मात्र त्यातली एक नेहमी थकलेली असते. 1951 मध्ये मार्सियानोने ज्या ज्यो लुईला पाडलं तो सदतीस वर्षांचा होता, आणि तेवढ्यावरून मार्सियानो लुईपेक्षा मोठा असं सहसा कुणी म्हणत नाही.

गेल्या जत्रेत एक पोरगा बघितला, बारा-तेरा वर्षांचा असेल. वयाच्या मानाने थोराड, मान भरलेली. पंचाने त्याला हाताला धरून फडात फिरवलं. एकदा, दोनदा. ह्याच्या तोडीचा कुणी आहे का? बरोबरीची पोरं एकमेकांच्या मागे सरकली. मोठ्यांपैकी एक उठला, तर पंचाने त्याला बसवलं, भारी पडतोय म्हणून. तिसऱ्या फेरीनंतर पंचाने पोराच्या ओंजळीत रेवड्या घातल्या आणि पाठीवर थाप मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगा हातातल्या रेवड्यांकडे बघत तसाच उभा राहिला. मग कडेला जाऊन त्याने शर्ट घातला आणि शेजारच्याला म्हणाला, “लागलीच नाही ना माझी.”