सकळ लिपी आणि पवित्र वचनाचे स्थान

सकळ लिपी ही महानुभाव पंथाची सांकेतिक लिपी होय. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या या पंथाचे ग्रंथ मराठीत रचले गेले, पण पुढे कित्येक शतके ते अशा अक्षरांत उतरवले गेले की मराठी जाणणाऱ्यालाही संकेत कळल्याखेरीज वाचता येऊ नयेत. नागरीतील एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण योजणे आणि वारंवार येणाऱ्या शब्दांचे ठरावीक संक्षेप करणे, ही तिची मुख्य रीत. चौदाव्या शतकातील रवळोबास हे तिचे कर्ते मानले जातात. सुंदरी, अंक, वज्र, पारमांडल्य, शून्य, सुभद्रा अशा आणखीही लिपी पंथात होत्या. सकळ लिपीचा प्रसार मात्र सर्वांत मोठा झाला.

या लिपीमुळे धर्मविचारातला एक मूलभूत प्रश्न समोर येतो. ईश्वराचे किंवा आचार्याचे वचन पवित्र मानायचे, तर ते पावित्र्य नेमके कशात असते? उच्चारलेल्या ध्वनीत, कागदावरच्या चिन्हात, की ऐकणाऱ्याला उमगलेल्या अर्थात?

वैदिक परंपरेने ध्वनीला अग्रस्थान दिले. मीमांसकांच्या मते वेदाचे शब्द नित्य आहेत. ते कोणी रचलेले नाहीत आणि त्यांचा क्रम वा स्वर बदलता येत नाही. म्हणून वेद मुखोद्गत ठेवायचा, पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पाठांनी त्याचा वर्ण न् वर्ण जपायचा. लेखन येथे दुय्यम ठरते. अर्थ न कळताही केलेल्या पठणाला मोल आहे, मात्र भाषांतर झाले की तो वेद राहत नाही.

चिनी परंपरेत चिन्हाला मोठे स्थान आहे. ‘ताओ’ किंवा ‘दाओ’ या अक्षराचे उदाहरण बोलके आहे. पश्चिम चौ राजवटीच्या काळातील कांस्यपात्रांवरच्या लेखांत ते आढळते. मस्तक दाखवणारा एक घटक आणि चालणे वा रस्ता सुचवणारा दुसरा घटक मिळून ते बनते. रस्ता हा त्याचा साधा अर्थ. त्यातून पद्धत, आचाराचा नियम, विश्वाचे मूलतत्त्व असे अर्थ विस्तारत गेले. ‘बोलणे’ असाही त्याचा एक अर्थ आहे. कन्फ्यूशियसच्या परंपरेत तो माणसाच्या योग्य वर्तनाचा मार्ग ठरला, तर लाओत्झूच्या नावावरील ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथात नामरूपापलीकडचे तत्त्व. बौद्ध ग्रंथ चिनीत आले तेव्हा ‘मार्ग’ या संकल्पनेसाठीही हेच अक्षर वापरले गेले. जपानमध्ये ते ‘दो’, ‘तो’ किंवा ‘मिची’ असे वाचतात. शिंतो आणि ज्युदो या शब्दांच्या अंती तेच आहे. कोरियात ते ‘दो’ झाले, व्हिएतनाममध्ये ‘दाव’. या भाषा एकमेकींना ऐकून समजत नाहीत. तरीही जुन्या काळी चिनी, जपानी, कोरियन आणि व्हिएतनामी विद्वान तेच अक्षर वाचत आणि आपापल्या उच्चाराने एकाच विचारापाशी पोहोचत. ध्वनी बदलला, पण चिन्ह आणि अर्थ यांची जोडी टिकली.

महानुभावांची धारणा या दोहोंहून वेगळी आहे आणि ती वऱ्हाडात घडली. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेले रिद्धपूर हे चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचे स्थान. गुजरातेतून आलेल्या चक्रधरांना येथेच गोविंदप्रभूंची भेट झाली. मेहकर, लोणार या परिसरातही चक्रधरांचा संचार होता. ते लोकांशी लोकांच्या मराठीत बोलत आणि आपल्या अनुयायांनी महाराष्ट्रातच राहावे असा त्यांचा आदेश होता. चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, यांनी रिद्धपुरी राहून पंथ सांभाळला. त्यांच्या प्रेरणेने म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ठिकठिकाणी फिरून, ज्याची आठवण त्यालाच विचारून गोळा केल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. केशोबासांनी चक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ रचला.

केशोबास संस्कृतचे पंडित होते आणि त्या भाषेत लिहिण्याची त्यांना ओढ होती. भटोबासांनी त्यांना आवरले. त्यांचे कारण असे की, संस्कृतात लिहिले तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. ग्रंथाची कसोटी त्यांनी ऐकणाऱ्याच्या समजुतीवर लावली. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न व अनादी आहेत आणि परमेश्वराच्या ज्ञानानेच जीवाला मोक्ष मिळतो, असे महानुभाव दर्शन सांगते. मोक्ष ज्ञानावर अवलंबून असेल, तर न कळणारे वचन मुमुक्षूच्या उपयोगाचे नाही.

तरीही महानुभावांनी केवळ अर्थ जपला असे नाही. चक्रधरांच्या मुखातून आलेले शब्द तसेच राहावेत, असा त्यांचा कटाक्ष होता. कोणती लीळा कोणी सांगितली, कोणाच्या आठवणीत कोणता पाठभेद आहे, याची नोंद त्यांच्या परंपरेत आढळते. चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी गेली. तेव्हा हिराइसेसारख्या, ग्रंथ पाठ असलेल्या शिष्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा केला गेला. पोथी नष्ट झाली तरी वचन नष्ट झाले नाही, हा अनुभव पंथाच्या गाठीशी होता.

सकळ लिपी या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. ती का निर्माण झाली याची कारणे अभ्यासकांनी निरनिराळी दिली आहेत: परचक्राचे भय, पंथाबाहेरच्या विरोधकांपासून संरक्षण, अधिकार नसलेल्याच्या हाती ब्रह्मविद्या जाऊ नये ही काळजी, आणि लेखनातला संक्षेप. कारण कोणतेही धरले तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. चिन्ह बदलले म्हणून वचनाचे पावित्र्य उणावते, असे महानुभावांना वाटले नाही. त्यांच्या दृष्टीने ध्वनी आणि अर्थ यांची जोडी अभंग होती. अक्षर हे त्यांचे वस्त्र होते आणि गरजेप्रमाणे ते पालटता येत होते. पूर्व आशियात ‘ताओ’च्या बाबतीत जे घडले, त्याच्या नेमके उलट हे घडले.

भटोबासांची म्हाताऱ्यांविषयीची कळकळ आणि बंद लिपी यांत वरवर विसंगती दिसते. पण निरक्षर साधकापर्यंत ज्ञान पोहोचत होते ते निरूपणातून, गुरूच्या तोंडून. पोथी उघड्या नागरीत असती तरी ती त्याला वाचता आली नसती. मराठी निरूपण मात्र ऐकताच कळत होते. म्हणजे हे शास्त्र कानांसाठी मोकळे आणि परक्या डोळ्यांसाठी मिटलेले राहिले. पंजाबात जयकृष्णी या नावाने पंथ पसरला, तेव्हा तिथल्या साधकांनीही मराठी शिकून हेच ग्रंथ अभ्यासले. शब्द मराठीच ठेवायचे, हा आग्रह वऱ्हाडापासून इतक्या दूरही सुटला नाही.

या बंदिस्तपणाची किंमतही पंथाने मोजली. बाहेरच्यांना ग्रंथ वाचता येत नसल्याने पंथाविषयी विपरीत समजुती वाढल्या आणि मराठीतील हे आद्य गद्य वाङ्मयेतिहासाला दीर्घकाळ अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्या संशोधनाने आणि पंथातील महंतांनी स्वतः संकेत उलगडून दाखवल्याने ही कोंडी फुटली. वि. ल. भाव्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’च्या 1919 च्या आवृत्तीत महानुभाव वाङ्मयाला स्थान मिळाले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ 1925 मध्ये आला. पुढे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्र’ नागरीत संपादून सर्वांसमोर ठेवले; कोलत्यांची आवृत्ती 1978 ची आहे.

नागरीत आल्यावर त्या वचनांतले काही उणे झाले नाही. पंथीयांची श्रद्धा तशीच राहिली आणि पंथाबाहेरच्या वाचकाला तेराव्या शतकातली जिवंत मराठी प्रथमच वाचायला मिळाली. पावित्र्य कळणाऱ्या शब्दात असते, त्याच्या लेखी रूपात नसते, हा सकळ लिपीच्या मुळाशी असलेला विचार ती लिपी उलगडल्यानंतरही खरा ठरला.