पिठाची बाहुली आणि पायाळू पोर

‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८मध्ये आला तेव्हा त्याला फारशी गर्दी झाली नाही. सप्टेंबर २०२४मध्ये तोच सिनेमा पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. आमच्या संभाजीनगरातली कॉलेजची पोरं अजून त्यातल्या हस्तर या राक्षसाबद्दल बोलतात. बोलू द्या. भुताच्या गोष्टींवर माझा राग नाही. नारायण धारपांच्या भयकथा चादरीत तोंड खुपसून वाचणाऱ्या पिढीतला मी आहे, आणि राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमात धारपांची छाया आहेच.

हस्तर बिचारा भुकेला आहे. मला भीती वाटते ती सिनेमाच्या नायकाची, विनायकाची. हस्तरच्या लंगोटातल्या सोन्याच्या मुद्रांसाठी तो पुन्हा पुन्हा जमिनीखाली उतरतो, पुढे पोटच्या पोरालाही उतरवतो. त्याला ओळखायला सिनेमातल्या कोकणात जावं लागत नाही, म्हणून हा सिनेमा मनातून जात नाही.

विनायक हस्तरपुढे पिठाची बाहुली टाकतो. आपल्या मराठवाड्यात तिच्या जागी माणसं गेली आहेत. इथून परभणीकडे जाताना मानवत रोड स्टेशन लागतं. त्या मानवतात १९७२ ते १९७४च्या काळात गुप्तधनापायी खून पडले. मेलेल्यांत लहान मुली होत्या. पायांकडून जन्मलेल्या माणसाला, पायाळूला, जमिनीतलं धन दिसतं अशी समजूत आहे, आणि मांत्रिक तिच्यावरच पोट भरतो. कंबरेत उसण भरली की पायाळूची लाथ मारून घेणं आपल्या घरांत हसत हसत चालतं. त्याच समजुतीच्या दुसऱ्या टोकाला गुप्तधनासाठी खणलेला खड्डा असतो. आपल्या पोराला चारचौघांत पायाळू म्हणणं आजपासून थांबवा.

डॉ. नरेंद्र दाभोलकर असे बळी रोखणाऱ्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला, तेव्हा कुठे कायदा आला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण पडक्या वाड्यातून अपरात्री कुदळीचा आवाज येतो, सकाळी हळदकुंकू आणि कापलेली लिंबं दिसतात, आणि शेजारी दाराला कडी लावतात. करणी उलटेल, ही धास्ती. ठाण्यात खबर जायला हवी ती त्याच रात्री, पोर गायब होण्याच्या आधी.

सिनेमाच्या शेवटी शापित विनायक मुद्रांनी भरलेला लंगोट आपल्या पोरापुढे, पांडुरंगापुढे धरतो. पोरगं हात पुढे करत नाही.