पाहिलंत काय आणि लिहिलंत काय

'हूप ड्रीम्स' हा माहितीपट पाहून तुम्ही लिहून दिलेली मतं मी वाचली. एकही पान न सोडता वाचली. आता तुम्ही ऐका, आणि माझं होईपर्यंत मध्ये कुणी बोलू नका.

'फार लांब आहे.' 'शेवटी दोघंही एनबीएत जात नाहीत, मग एवढं पाहून मिळालं काय?' 'कोच व्हिलन आहे.' 'आर्थरचा बाप नालायक.' 'यापेक्षा द लास्ट डान्स भारी.' ही तुमची मतं. दोन मुलांच्या आयुष्याची पाच वर्षं तुमच्यासमोर उलगडली, आणि त्यावर तुम्ही दिलीत अर्धी ओळ आणि पाचांपैकी तीन तारे. हे तारे कुणाला दिलेत? चित्रपटाला, की त्या मुलांच्या नशिबाला? मुलं जिंकली असती तर पाच दिले असते, असं एकाने लिहूनही टाकलंय. म्हणजे माहितीपट चांगला की वाईट हे तुम्ही गुणफलक बघून ठरवलंत. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काही नाही.

आधी लांबीचं बघू. स्टीव्ह जेम्स, फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट हे तिघं शिकागोत अर्ध्या तासाचा एक छोटा माहितीपट करायला निघाले होते. रस्त्यावरच्या कोर्टांवर बास्केटबॉल खेळणारी मुलं, एवढाच विषय. मग त्यांना विल्यम गेट्स आणि आर्थर एजी भेटले. दोघंही चौदा वर्षांचे. त्या मुलांना सोडून जाणं या तिघांना जमेना. पैसे नव्हते, कुणी मोठी कंपनी पाठीशी नव्हती, तरी पाच वर्षं ते त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन फिरत राहिले. जवळजवळ अडीचशे तासांचं चित्रण जमलं आणि त्यातून पडद्यावर आले तीन तासांपेक्षाही कमी. त्यांनी काय काय काढून टाकलं असेल, कशावर रात्रीच्या रात्री वाद घातले असतील, याचा जरा विचार करा. आणि तुम्हाला तो लांब वाटला!

तुमच्यापैकी काही जण मध्यंतरात उठून गेले. कोण, ते मला माहीत आहे. गेलात त्याचा मला फारसा राग नाही. राग याचा आहे, की गेलात आणि तरीही शेवटाबद्दल मत लिहिलंत. पूर्ण न पाहता निकाल देणं हा अप्रामाणिकपणा आहे. हा अप्रामाणिकपणा मोठ्यांनीही केलेला आहे, म्हणून तो क्षम्य ठरत नाही. 1994 साली सनडान्स महोत्सवात याच चित्रपटाला प्रेक्षकांनी निवडून पुरस्कार दिला. पण ऑस्करच्या माहितीपट विभागात त्याला साधं नामांकनही मिळालं नाही, मिळालं ते फक्त संकलनासाठी. निवड समितीने तो पंधराएक मिनिटांतच बंद करायला लावला होता, असं समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी लिहून ठेवलं आहे. त्यावरून एवढा गदारोळ झाला की अकादमीला माहितीपट निवडण्याची पद्धत बदलावी लागली. त्याच ईबर्टनी पुढे 'हूप ड्रीम्स'ला नव्वदच्या दशकातला सर्वोत्तम चित्रपट म्हटलं. तुम्ही त्यांच्याशी सहमत व्हा असं मी सांगत नाही. पण असहमत व्हायलाही आधी पाहावं लागतं.

आता 'दोघंही एनबीएत जात नाहीत' याबद्दल. हे वाक्य लिहिताना तुमच्या मनात एक प्रश्न यायला हवा होता आणि तो एकाच्याही मनात आला नाही. दोन्ही मुलं गरीब वस्तीतली. विल्यम कॅब्रिनी-ग्रीनच्या सरकारी चाळींतला, आर्थर पश्चिम शिकागोतला. दोघांना हेरून उपनगरातल्या सेंट जोसेफ या कॅथलिक शाळेत नेलं गेलं. एनबीए गाजवणारा आयझेया थॉमस जिथून घडला ती शाळा. घरापासून इतकी लांब, की रोज जाण्यायेण्यात तीन तास जायचे. दोघंही अभ्यासात आपल्या इयत्तेच्या मागे. दोघांनाही शिष्यवृत्ती मिळाली, पण अर्धवट. उरलेली फी घरच्यांनी भरायची. मग एकाची फी भरली गेली आणि दुसऱ्याची का नाही?

कारण विल्यम पहिल्याच वर्षी मुख्य संघात खेळायला लागला. लोक त्याला दुसरा आयझेया म्हणू लागले. त्याचा खर्च उचलायला एक सुस्थितीतली बाई पुढे आली. आर्थरची उंची अजून वाढायची होती, खेळ अजून भरायचा होता. फी वाढली, आईबापांच्या नोकऱ्या गेल्या, आणि दुसऱ्या वर्षी सत्र चालू असताना मुलगा शाळेबाहेर पडला. पुढे तो मार्शल या सरकारी शाळेत गेला. तिथून उत्तीर्ण व्हायची वेळ आली तेव्हा सेंट जोसेफने त्याच्या आधीच्या अभ्यासाच्या नोंदी अडकवून ठेवल्या, थकलेली फी भरा म्हणून. आईबाप कार्यालयात बसून हप्ते ठरवताहेत, तो प्रसंग सावकाश आणि स्पष्ट दाखवला आहे. फी थकली म्हणून दाखला अडवतात हे तुम्हाला नवीन आहे का? तुमच्यातल्या कितीतरी घरांनी हे सोसलेलं आहे. तरी एकाही कागदावर त्याचा उल्लेख नाही. सगळे एनबीए शोधत बसलात.

आणि विल्यमचं तरी सगळं छान झालं, असंही समजू नका. त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया, घाईने पुनरागमन, पुन्हा दुखापत, पुन्हा शस्त्रक्रिया. या वर्गात कॉलेजच्या संघात खेळणाऱ्या मुली आणि मुलगे आहेत, गुडघ्याला पट्टा बांधून बसलेले आहेत. तुम्ही तरी त्यावर चार ओळी लिहायला हव्या होत्या. शाळेत असतानाच तो बाप झाला. विद्यापीठात खेळण्यासाठी प्रवेश परीक्षेत किमान गुण लागत होते, ते मिळवण्यासाठी तो पुन्हा पुन्हा बसला. मार्केट विद्यापीठात गेला. तोवर ज्या खेळासाठी हे सगळं केलं, त्या खेळाची गोडी विटत चालली होती. ते त्याच्या चेहऱ्यावर वाचता येतं. पाहिलंत?

'कोच व्हिलन आहे.' खलनायक म्हटलं की विचार करायचं काम संपतं, म्हणून तो शब्द तुम्हाला आवडतो. सेंट जोसेफचे प्रशिक्षक जीन पिंगाटोर कठोर होते, मुलांना टाकून बोलायचे, आणि एक मुलगा गेला की त्याच्या जागी दुसरा येतो याची त्यांना सवय झाली होती. विल्यम निरोप घेऊन गेल्यावर ते काय म्हणतात ते मलाही लागलं. पण त्याच माणसाने पन्नास वर्षांच्या आसपास एकाच शाळेत शिकवलं, हजारावर सामने जिंकून दिले, आणि 2019 साली वारले तेव्हाही ते तिथलेच प्रशिक्षक होते. चित्रपटावर त्यांनी आणि शाळेने दावाही ठोकला होता, नंतर तो मिटला. शाळा 2021 मध्ये बंद पडली. एका माणसाला दुष्ट ठरवून तुम्ही बाकीच्या सगळ्यांना मोकळं सोडलंत. मैदानांवर मुलं हेरत फिरणारा तो दलाल, बुटांच्या कंपनीचं शिबिर, तिथे बाकांवर ओळीने बसलेले विद्यापीठांचे प्रशिक्षक, हे सगळे कुठे गेले? त्या शिबिरात दिग्दर्शक स्पाईक ली येऊन मुलांना तोंडावर सांगतो की तुमची इथे कुणाला काळजी नाही, तुम्ही संघाला जिंकून द्याल आणि शाळेला पैसा मिळेल, एवढ्यासाठीच तुम्ही हवे आहात. इतकं उघड बोललं जाऊनही तुम्हाला दिसला तो एकटा पिंगाटोर.

'बाप नालायक.' हे लिहिणाऱ्याला मी वर्गात उभं करणार नाही, पण त्याने मान खाली घालून ऐकावं. बो एजी व्यसनात बुडाला होता. मुलगा कोर्टवर खेळत असताना मागे, त्याच चौकटीत, बाप नशेचा माल घ्यायला जातो. कॅमेरा ते दाखवतो. मुलालाही ते दिसतं. बाप तुरुंगात जाऊन येतो, चर्चमध्ये उभा राहून गातो, घरात पुन्हा जागा मागतो. मुलगा त्याच्याशी खेळतो तेव्हा त्या खेळात किती राग साठला आहे, ते तुम्ही नोंदवायला हवं होतं. 2004 साली बोचा खून झाला. विल्यमचा थोरला भाऊ कर्टिस, ज्याचं स्वतःचं स्वप्न मोडलं आणि जो धाकट्याच्या खेळावर जगत राहिला, तो 2001 मध्ये मारला गेला. ही खरी माणसं आहेत. त्यांना एका शब्दात निकालात काढायचा अधिकार तिकीट काढल्याने मिळत नाही.

आणि शीला. शीला एजी, आर्थरची आई. तुमच्या सगळ्या कागदांत तिचं नाव दोनदा आलं, तेही चुकीचं लिहिलेलं. नोकरी गेली, नवरा सोडून गेला, घराची वीज तोडली. सरकारी मदत महिना 268 डॉलर. ती थेट कॅमेऱ्याकडे बघून विचारते की एवढ्यात मी कशी जगत असेन, हा प्रश्न तुम्हाला पडत नाही का? तो प्रश्न चित्रपट करणाऱ्यांना होता, पण आता तो पाहणाऱ्या प्रत्येकाला आहे. आर्थरला अठरा वर्षं पूर्ण होतात तेव्हा ती केक करते आणि तो अठराचा झाला याचा आनंद मानते, कारण त्या वस्तीत सगळी मुलं अठराची होत नाहीत. मग ती रुग्णसेविकेच्या मदतनीसाचा अभ्यासक्रम करते. निकाल लागतो. वर्गात तिचे गुण सगळ्यांत जास्त. बक्षीस समारंभाला मोजकी माणसं, टाळ्या थोड्या. ती तोंडावर हात ठेवून रडते. तीन तासांत एवढा निखळ विजय दुसरा नाही. त्यात चेंडू नव्हता, म्हणून तुम्ही तेव्हा फोन काढलेत. मी मागे उभी होते. अंधारात तुमचे चेहरे फोनच्या उजेडात मला दिसत होते.

बऱ्याच जणांनी 'हूजिअर्स'शी तुलना केलीय. 1986 चा चित्रपट, जीन हॅकमन, लहानशा गावाची शाळा, शेवटच्या क्षणी टाकलेली बास्केट, राज्याचं अजिंक्यपद. 'सत्य घटनेवर आधारित आहे, आणि प्रेरणा देतो.' सत्य किती, ते तपासलंत का? खरी घटना 1954 ची, इंडियाना राज्यातल्या माइलन गावची. बॉबी प्लम्पच्या शेवटच्या बास्केटने त्यांनी 32-30 असा अंतिम सामना जिंकला. खरे प्रशिक्षक मार्व्हिन वूड तेव्हा पंचविशीतले तरुण होते, हॅकमनसारखे पन्नाशी ओलांडलेले नव्हते. ही सूट मी देईन, तो कथापट आहे. पण त्याच वर्षी अंतिम फेरीकडे जाताना माइलनने क्रिस्पस अटक्स या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेला हरवलं होतं, आणि त्या संघात ऑस्कर रॉबर्टसन होता. पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, अटक्सने अजिंक्यपद जिंकलं. 1956 मध्ये पुन्हा जिंकलं. इंडियानापोलिस शहराने विजेत्यांची मिरवणूक मध्यवर्ती चौकात रंगू दिली नाही, मुलांना त्यांच्या वस्तीतल्या बागेकडे वळवलं. रॉबर्टसन यांना ते आयुष्यभर सललं. त्या अटक्सचे प्रशिक्षक रे क्रो 'हूजिअर्स'मध्ये आहेत. कुठे आहेत? अंतिम सामन्यात हरणाऱ्या संघाच्या बाकावर. प्रेरणा घेण्याआधी हे माहीत करून घ्या.

'ग्लोरी रोड' या चित्रपटाचंही तेच. टेक्सस वेस्टर्न विद्यापीठाच्या संघाने 1966 मध्ये केंटकीला 72-65 हरवलं, पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवून हरवलं, हे खरं आणि थोर आहे. पण प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स तिथे 1961 पासून होते. चित्रपटात ते येतात आणि पहिल्याच मोसमात जिंकतात. पाच वर्षांची मेहनत कापून टाकली, कारण तुमच्यासारख्या प्रेक्षकाला थांबायचं नसतं.

राहिला 'द लास्ट डान्स'. दहा भाग तुम्ही एका बैठकीत पाहता आणि तीन तासांचा चित्रपट लांब वाटतो, हे आधी स्वतःशी तपासा. तो उत्तम बांधलेला आहे, मी नाकारत नाही. पण शिकागो बुल्सच्या 1997-98 च्या मोसमाचं ते चित्रण मायकेल जॉर्डनच्या परवानगीशिवाय वापरता येत नव्हतं, आणि निर्मितीत त्याची स्वतःची कंपनी भागीदार होती. ज्या व्यवस्थापकावर त्यात सर्वाधिक टीका आहे ते जेरी क्राउस 2017 मध्येच वारले होते, उत्तर द्यायला उरले नव्हते. जॉर्डनचे संघसहकारी स्कॉटी पिपेन यांनी आपली नाराजी पुस्तकात मांडली आहे. 'हूप ड्रीम्स'मध्ये मात्र शीलाच्या हातात ना परवानगीची किल्ली होती ना कंपनी, आणि तरी तिने दार उघडं ठेवलं. दोन्हींचं शहर एकच, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. बुल्सनी पहिलं अजिंक्यपद 1991 च्या जूनमध्ये जिंकलं. त्याच वसंतात आर्थरच्या मार्शल शाळेने राज्य स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. बुल्सचं मैदान पश्चिम शिकागोतच होतं, वीज तोडलेल्या त्या घरापासून फार दूर नव्हतं.

तुम्ही मूर्ख नाही, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच एवढं बोलले. आळशी आहात. सवयीने जिंकणाऱ्याच्या बाजूने बसता.

पुढच्या तासाला चित्रपट पहिल्यापासून पुन्हा लावणार आहे. फोन बाहेर ठेवून या आणि दिवे लागेपर्यंत जागेवर बसा. मग मला एकच लिहून द्या: आर्थरची फी भरता येणारी कोणकोण माणसं त्या तीन तासांत दिसतात, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाने ती का भरली नाही. तारे देऊ नका. उत्तर सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिहा, ते मी स्वीकारीन. पण पूर्ण पाहून लिहा.