मशीन नव्हतं म्हणे!

‘सर, घरी मशीन नव्हतं, म्हणून असं झालं’ हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा काढू नकोस. ठेव ती गिटार टेबलावर. घे ही स्टीलची पट्टी आणि नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोज. किती भरलं? 329 मिलिमीटर. नट ते ब्रिज 648 तूच ठरवलं होतंस ना? मग बारावा बरोबर निम्म्यावर, 324 वर हवा. हे जास्तीचे पाच मिलिमीटर कुठल्या मशीनअभावी आले रे?

मी सांगतो कुठून आले. पहिल्या फ्रेटपासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असा तू मोजत सुटलास. दरवेळी पेन्सिलीच्या जाडीएवढी चूक, आणि तिच्या डोक्यावर पुढची. प्रत्येक अंतर नटपासूनच घ्यायचं, हे फळ्यावर लिहून दिलं होतं. 648 भागिले 17.817, म्हणजे पहिला फ्रेट 36.4 वर. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. आधी सगळे आकडे कागदावर, मग लाकडावर खूण. याला वीज लागते?

ब्रिज मागे सरकवतो म्हणतोस? सरकव. बारावा झाकला जाईल, पण पाचव्या-सातव्याचं काय? प्रत्येकाची चूक वेगळी आहे. मिरजेच्या सतारमेकरांची बरोबरी करायला जाऊ नकोस. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सुराला कमी-जास्त वाटले तर सरकवता येतात. तू ठोकून बसवलेत!

आणि ही मान. वखारीतून फुकट मिळालं म्हणून गाठीचं लाकूड उचललंस. सहा तारा सुरात ताणल्या की पंचेचाळीस किलोच्या आसपास ओढ बसते, ती या गाठीने सोसायची? आतमध्ये ट्रस रॉडही नाही. डोळा लावून बघ नटकडून, आत्ताच बाक आलाय.

खोलीत क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याचं पोस्टर लावून भागत नाही. 1963 साली सोळा वर्षांचा तो पोरगा वडिलांबरोबर घरातच गिटार करायला बसला. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी. त्याला किडीची भोकं होती, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. दोन वर्षं लागली. तू दिवाळीच्या सुट्टीत उरकलीस! बरं, त्यानेही पिकअप आधी घरीच केले होते. तार खेचली की त्यातून नको तो आवाज यायचा, तेव्हा सरळ बर्न्स कंपनीचे विकत आणले आणि आत अॅराल्डाइट भरलं. जमलं नाही ते कबूल करायला त्याला लाज वाटली नाही. तुझा पिकअप शिट्ट्या मारतो आणि तू अॅम्पला दोष देतोस. गुंडाळी सैल आहे, मेणात बुडवलीच नाहीस. आणि आता बुडवशील तेव्हा मेणाचं भांडं गरम पाण्यात ठेव. थेट गॅसवर ठेवशील तर घर पेटवशील.

अंगण वाकडं म्हणायचं आता पुरे. हात तुझा वाईट नाही. बॉडीची कड कानशीने इतकी सफाईदार उतरवली आहेस की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांत दोघा-तिघांनाच जमली असती. म्हणून तर जास्त राग येतोय.

फ्रेट उपटून काढ. फिंगरबोर्ड उतरव, मान टाकून दे. सोमवारी सरळ रेषांचं, वाळलेलं सागवान घेऊन ये; पैसे कमी पडले तर आधी मला सांग. करवतीला हात लावण्याआधी अंतरांचा कागद दाखवायचा. आणि तो गुण्या कपाटात परत ठेव, पंधरा दिवस तुझ्याकडेच आहे आणि एकदाही वापरलेला दिसत नाही.