महिन्याने येणारं उत्तर

शंभर वर्षांपूर्वी विलायतेची डाक आठवड्यातून एकदा निघायची. मुंबईच्या बंदरातून बोट सुटली की एडन, सुएझ आणि मग मार्सेल्स. तिथून पुढे पत्रं रेल्वेने लंडनच्या वाटेला लागत. जायला दोनेक आठवडे, यायला तेवढेच. ‘खोकला कसा आहे?’ असं विचारावं, तर उत्तर महिन्याने हाती पडायचं. तोवर खोकला कधीच बरा झालेला असायचा.

त्या काळात कुसुम जयवंत इंग्रजी साहित्य शिकायला लंडनला गेल्या. इकडे होते आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे आपले कवी अनिल. ओढ आधीपासूनची होती. लग्न झालं १९२९ साली आणि त्या कुसुमावती देशपांडे झाल्या. दोघांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार १९७२ मध्ये ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकरूपात आला. कुसुमावतींना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. जी पत्रं एकाच माणसासाठी लिहिलेली, ती ज्याने सांभाळली त्याच्या हयातीत सगळ्यांची झाली.

समुद्रापलीकडच्या माणसाला लिहिताना कसली पंचाईत होत असेल, याचा मी कधी कधी विचार करते. आज मन उदास आहे म्हणून तसं लिहावं, तर ते पोचेपर्यंत आपण हसत असू आणि तिकडे कुणी उगाच झुरत बसेल. रुसवा धाडावा, तर तो वाटेत असतानाच तिकडून निघालेलं लाडाचं पत्र दारात येऊन उभं राहील. मग पोस्टात टाकलेलं ते पाकीट परत कसं आणायचं? म्हणून रात्री लिहिलेलं पत्र सकाळी एकदा वाचायचं आणि मगच पाकीट चिकटवायचं. रात्रीचा ताव सकाळच्या उजेडात टिकला, तरच त्यावर तिकीट लावायचं.

बोलाचालीत क्षणाचा राग, क्षणाचा लोभ सगळंच खपून जातं. पत्राला मात्र पंधरा दिवसांचा प्रवास सोसावा लागतो. त्या प्रवासात बातमी शिळी होते, प्रश्न विरून जातात, रुसवा ओशाळतो. उरतं ते पोचल्यावरही खरं असेल एवढंच. दूर राहून जुळलेल्या माणसांना विरहाने हे एक शिकवलं असावं: आज मला काय वाटतं याच्या खाली, उद्याही मला काय वाटणार आहे, ते शोधायचं.

आता उत्तराला महिना लागत नाही, हे छानच झालं. ‘जेवलास का?’ हे जरूर विचारावं; त्याचं उत्तर लगेच यायलाच हवं. पण आज सकाळी दूरच्या आपल्या माणसाला लिहिताना, बोटीने गेलं तरी शिळं होणार नाही असं एखादं वाक्य त्यात असावं. ते सुचायला थोडा वेळ लागेल. लागू द्यावा.