त्रोवसात राहिलेली पुस्तके
(२ तीमथ्य ४:१३)



पौल बंदिवासात होता. आपला काळ जवळ आला आहे हे त्यास ठाऊक होते, आणि हिवाळाही तोंडावर होता. अशा वेळी तो तीमथ्याजवळ काय मागतो? त्रोवसात कार्पाच्या घरी ठेवलेला झगा, आणि पुस्तके. त्यांतही विशेषेकरून चर्मपत्रे. झगा मागितला हे कोणासही समजेल. पण ज्याचे दिवस भरत आले त्यास जुनी पुस्तके कशास हवी होती? शास्त्र कारण सांगत नाही, व आम्हीही ते रचून सांगणार नाही. कार्पाने ती जपली असतील असा प्रेषितास भरवसा होता, इतके मात्र उघड दिसते. आज आम्हांस या कार्पाविषयी, म्हणजे दुसऱ्याची पुस्तके सांभाळणाऱ्या माणसाविषयी बोलावयाचे आहे.

लंडनात सन १७९९ मध्ये रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी स्थापन झाली. पुढे त्या शहरात चोर-दरोडेखोरांच्या गोष्टींची चोपडी एकेका पेनीस मिळू लागली व मुले ती अधाशीपणे वाचू लागली. नुसत्या धाकाने ती सुटेनात. तेव्हा सोसायटीने १८ जानेवारी १८७९ रोजी ‘बॉइज ओन पेपर’ हे सोळा पानांचे साप्ताहिक त्याच एका पेनीस काढले, आणि पुढल्या वर्षी मुलींसाठी ‘गर्ल्स ओन पेपर’ काढले. मुलांच्या पत्रावर सोसायटीने आपले नाव न घालता ‘लेझर अवर’ या आपल्याच नियतकालिकाच्या कचेरीचे नाव घातले. ट्रॅक्टाचा वास आला तर मुले हात लावणार नाहीत, हे ती ओळखून होती. (आमच्या काही उपदेशकबंधूंनी याचा विचार करावा.)

वर्षाअखेर या अंकांचे जाड खंड बांधले जात. शब्बाथशाळेत असे खंड बक्षीस देण्याची चाल होती. म्हणून कित्येकांच्या पहिल्या पानावर बक्षिसाची चिठ्ठी व एखाद्या मुलाचे नाव आजही सापडते. ‘बॉइज ओन पेपर’ १९६७ साली बंद पडले, तरी त्याचे खंड हौसेने गोळा करणारे लोक आहेत. खंड हाती आला की ते आधी घडीची रंगीत चित्रे शाबूत आहेत की नाहीत हे पाहतात, कारण भिंतीवर लावण्यासाठी ती पुष्कळदा फाडली गेली. बांधणाऱ्यांनी मासिक भागांची वेष्टने व जाहिराती बहुधा काढून टाकल्या. तेव्हा त्या असलेला खंड दिसला की त्यांस फार आनंद होतो.

आम्हांस स्वतःला त्यांतील सर्वांत मोलाची पाने वाटतात ती वाचकांस दिलेल्या उत्तरांची. मुले आपल्या अडचणी लिहून कळवीत. पत्रात उत्तर छापले जाई, प्रश्न छापला जात नसे. प्रकृतीविषयी डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स लिहीत. थंड पाण्याने स्नान करा, हा त्यांचा आवडता उपाय! कोणी भित्रा होता, कोणी एकटा होता, कोणास घर सोडून समुद्रावर जावयाचे होते. त्यांची मूळ पत्रे आज आम्हांपुढे नाहीत. एका ओळीच्या उत्तरावरून त्या मुलाचे मन ओळखावे लागते. तेवढ्या ओळीखेरीज त्या मुलाचे दुसरे काही उरले असेल काय?

आणि ती ओळही सहज नाहीशी होते. सोसायटीची कचेरी लंडनात पॅटरनॉस्टर रो या पुस्तकविक्यांच्या रस्त्यावर होती. २९ डिसेंबर १९४०च्या रात्री बॉम्बच्या आगीत तो रस्ता जळाला व लक्षावधी पुस्तके राख झाली. त्याच युद्धात कागदाच्या टंचाईमुळे घरोघरची जुनी पुस्तके लगद्यासाठी दिली गेली. जी राहिली ती कोणाच्या तरी माळ्यावर किंवा पेटीत विसरलेली होती म्हणून राहिली.

या खंडांत सर्व चांगलेच आहे असे नाही. साम्राज्याची बढाई आहे. आफ्रिकेच्या व आमच्याही देशाच्या लोकांविषयी तुच्छतेचे शब्द आहेत. ती पाने फाडावी काय? आमच्या मते फाडू नयेत. दाविदाचे पाप शास्त्रातून कोणी खोडले नाही. मुलांजवळ बसावे, ते पान उघडावे, आणि हे लिहिणारे कोठे चुकले ते सांगावे.

आता आपल्या घराकडे वळू. लंडनच्या पत्राच्या सहा वर्षे आधी, सन १८७३ मध्ये, अमेरिकन मिशनने मराठी मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ सुरू केला होता. त्याची बांधीव पुस्तके एखाद्या आजीच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली अजून असतील. ती रद्दीत गेली म्हणजे वाण्याच्या पुड्या होतात. आमच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी पहिली गोष्ट ज्या पानावर वाचली असेल, त्या पानात मग हळद बांधली जाते.

मात्र कोणी कपाटास कुलूप लावून नुसते खंड मोजीत बसेल, तर त्यास प्रभूने कसरीविषयी जे सांगितले (मत्तय ६:१९) ते लागू आहे. पुस्तकांच्या बाबतीत तर अक्षरशः! ज्या गृहस्थाची प्रभूने वाखाणणी केली तो भांडारातून नवे व जुने बाहेर काढीत असे (मत्तय १३:५२). महिन्यातून एकदा सायंकाळच्या उपासनेनंतर एक जुनी गोष्ट मुलांस वाचून दाखविण्यास कितीसा वेळ लागतो?

उपदेशकबंधूंनी पावसाळ्यापूर्वी आपापल्या गावी चौकशी करावी. खंड सापडल्यास साल, अंक आणि पहिल्या पानावरील नाव वहीत टिपून पाळकास कळवावे. मालकाच्या संमतीवाचून खंड हलवू नये. तो सावलीत, वाऱ्यावर ठेवावा, कडक उन्हात नको. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये; काही वर्षांनी तिचा पिवळा डाग अक्षरांवर चढतो.